चालवून बघा की

पतसंस्थांचे हिशेब तपासत मी गावोगाव फिरते.
नव्या गावात कुणी देऊळ विचारतं, कुणी मिसळ.
मी पेनांचं दुकान विचारते.
लॉजवरचा पोरगा म्हणाला,
"पेन? खाली पानपट्टीत मिळंल की."

सांगलीत तीन दिवस होते.
पहिल्या दिवशी स्टँडजवळ
काचेच्या बरणीत दहा-दहा रुपयांची पेनं,
लिमलेटच्या गोळ्यांसारखी.
शाईचं हवं म्हटल्यावर
मालकाने आधी माझ्या केसांकडे पाहिलं.
काळे करते मी, पण भांगात कळतं.

दुसऱ्या दिवशी गणपती पेठ.
तिथे चोपड्या होत्या, लाल कापडाच्या, लांबोडक्या,
हळदीच्या व्यापाऱ्यांसाठी अजून शिवतात म्हणे.
एक उघडून नाकाशी नेली.
कागद कोरा, आणि तरी हळदीचा वास.
गिऱ्हाईक यायचं होतं अजून,
त्याचा धंदा आधीच आत येऊन बसलेला.
मला चोपडीचं काय काम?
तरी घेतली.
जगाचे हिशेब तपासणाऱ्या बाईकडे
स्वतःचा एकही नसावा, बरं नाही दिसत.

तिसऱ्या दिवशी, कॅशियर जेवायला गेला तेवढ्यात,
हरभट रोडला लागून एका बोळात
बाबगोंडा उपाध्ये.
दुकान चार फूट.
त्यात अण्णा, एक स्टूल, घड्याळजीचं भिंग,
आणि एबोनाइटची पेनं, काळ्या वेलदोड्यासारखी
अंगावर रेघा असलेली.

"चालवून बघा की," म्हणाले,
आणि कागदांचा गठ्ठा पुढे सरकवला.
त्यावर अख्खं गाव:
सह्या, सह्या, त्याच त्या सह्या,
कोपऱ्यात श्री,
कुणाचा तरी पाय मोडलेला ळ,
अर्ध्यात सोडलेला भागाकार,
सौ. सुगंधा
सौ. सुगंधा
आणि तिसऱ्यांदा नुसतंच
सुगंधा.

मी पेन टेकवलं.
हाताने माझं न ऐकता लिहिलं:
'तपासले. बरोबर आढळले.'

अण्णा हसले. "हिरवी शाई लागत आसंल तुमाला.
हिरवी न्हाई. जांभळी हाय."

मागच्या भिंतीवर, माझ्या डोक्याच्या हातभर वर,
एक मळकट रेघ.
मी बघते आहे हे त्यांनी बघितलं.
"एकोणीसचा पूर.
दोनशे बाटल्या हुत्या, काळी, निळी, तांबडी.
एवढी शाई प्याली कृष्णामाई
आन् लिवली किती?
ती एक ओळ."
भिंग परत डोळ्याला लावलं.
"सरळ हाय मात्र. पट्टी न लावता."

मग माझी निब उजेडात धरली.
"तुमी अक्षर वढत न्हाई, ढकलताय.
कुनी घाई केलीया?"
मी यावर काही बोलले नाही.
बारीक कागदावर मराठी चाराचा आकडा
गिरवत बसले ते, मोजून अकरा वेळा,
प्रत्येक चारानंतर निब कानाशी नेऊन
काहीतरी ऐकत.
मलाही ऐकायला दिलं.
मला रिक्षांचे हॉर्न ऐकू आले.

साडेसहाशे. घासाघीस केली नाही.
पावती त्यांनी बॉलपेनाने लिहिली.

संध्याकाळच्या एसटीत, खिडकीशी,
लाल चोपडी मांडीवर उघडली.
जमेच्या बाजूला काय लिहावं याचा विचार करता करता
अंकलीचा पूल आला.
गाडी हादरली, पेन ओकलं,
आणि पहिली नोंद म्हणून
माझ्या अंगठ्याचा जांभळा ठसा.
खाली नदी होती. तिच्याकडे मी जरा रागाने बघितलं.

दुसऱ्या दिवशी जयसिंगपूरच्या संस्थेत
मॅनेजरने चहा पुढे केला, अंगठा पाहिला.
"मॅडम, निवडणूक कुठली हो आत्ता?"
"झाली एक," म्हटलं.
"कोण आलं निवडून?"

"मोजणी चालू आहे," म्हणाले,
आणि बॅगेतून पेन काढलं.