कोट परत करताना

या बेटावर रेल्वे नाही.
मुहर्रकच्या आमच्या खिडकीतून दिसतात
विमानांची पांढरी पोटं
आणि एसीखालच्या बादलीत ठिबकणारं पाणी.
सव्वीस वर्षं आम्ही इथून
नुसते उडालो, नाहीतर थांबलो.

म्हणून उज्ज्वला म्हणाली, निवृत्तीआधी एकदा
रुळांवरून जायचं. कुठेही.
कुठेही म्हणजे कुठे, मी विचारलं.
गोदीच्या कॅलेंडरचं जुनं पान उलटून तिनं लिहिलं:
यॉर्क, डरम, लिंकन, बाथ.
आणि खाली, वाण्याच्या यादीतलं राहिलेलं, जिरे.

कोट दिला खालच्या मजल्यावरच्या एलिकुट्टीनं.
राखाडी, लोकरीचा, एकच.
"पाळीपाळीनं घाला," म्हणाली.
नर्स ती, तिला सगळं पाळीतच सुचतं.

यॉर्कच्या तटावर तिनं घातला, मी कुडकुडलो.
लिंकनच्या चढावर मी घातला आणि घामाघूम झालो;
माझा उजवा गुडघा अजून त्या गावाचं नाव काढतो.
बाथला कुंडावर वाफ होती,
कानातली बाई रोमन राजांबद्दल सांगत होती,
आणि उज्ज्वलानं नाक वर करून जाहीर केलं:
उन्हवऱ्याचा वास!
मग तिथल्या झिजल्या पायरीवर उभं राहून
तिनं मला आत्याच्या खरजेची गोष्ट सांगितली,
तीन गुरुवार, दापोलीहून एसटीनं.
रोमन लोक तेवढा वेळ थांबले.

डरमला गाडी पुलावर हळू झाली.
खाली कौलं, नदीचं वळण,
टेकडीवर ते प्रचंड देऊळ.
देऊळच म्हणाली ती. मीही दुरुस्त केलं नाही.
मोबाइल काढेस्तोवर स्टेशन आलं.

पण खरं सांगायचं तर
डॉनकॅस्टर. जिथे बघायला आम्ही गेलोच नव्हतो.
चुकीच्या फलाटावर उभे राहिलो,
समोरून आमची गाडी आमच्याशिवाय गेली.
पुढची पंचावन्न मिनिटांनी.
बाकावर कोट दोघांच्या मांडीवर पसरला,
दशमी, शेंगदाण्याची चटणी, कागदी कपातला चहा.
"असे शेजारी-शेजारी, काही न करता,
आपण याआधी कधी बसलो होतो?"
मी बराच विचार केला.
"दातांच्या डॉक्टरकडे," म्हटलं.
ती इतकी हसली की कबुतरं उडाली.

ऑगस्ट. बाहेर बेचाळीस.
कोट लाँड्रीत टाकायचा म्हणून खिसे तपासले.
दोन नारिंगी तिकिटं, एक चेस्टनटसारखं बी,
आणि अस्तर उसवलं होतं तिथून, खोलवरून,
एक घडी. आमची नव्हती.
लीड्सच्या हॉस्पिटलचं ड्यूटीचं वेळापत्रक, बारा वर्षांपूर्वीचं:
नाइट, नाइट, नाइट, सुट्टी, नाइट.
मागे पेन्सिलीनं: लीड्स ते यॉर्क, रविवार, सव्वादहा.
खोडलेलं.
खाली पुढचा रविवार. तोही खोडलेला.
मग मे. मग नुसतंच, यॉर्क, आणि प्रश्नचिन्ह.

पंचवीस मिनिटांचा तर रस्ता, मी म्हणालो.
उज्ज्वला काही बोलली नाही.
कागद होता तसा घडी करून
होता तिथेच ठेवला, वरून दोन टाके घातले.

कोट द्यायला दोघंही गेलो.
एलिकुट्टी नुकतीच उठली होती, केस मोकळे,
"कसं होतं यॉर्क?"
मी तोंड उघडलं. तट, काचा, घंटा,
माझ्याजवळ सगळं तयार होतं.
उज्ज्वला म्हणाली, "फार थंडी.
तुझ्या कोटामुळे निभावलं."

शुक्रवारी ती फोटो बघायला येणार आहे.
आत्ता रात्रीचे बारा.
वरून एक विमान उतरतंय, भांडी थरथरतात,
आणि उज्ज्वला सहाशे फोटोंतून
ज्यात कोट दिसतोय तेवढे
वेगळे काढत बसली आहे.