अंगठ्यापुरती जागा

शुक्रवारी मटण स्ट्रीटला चादर पसरली
की खुझेमाभाई बिस्किटांचा डबा
माझ्यासाठी मागे ठेवतो.
आत चाकू, सगळे मिटलेले,
दाटीवाटीनं निजलेल्या भावंडांसारखे.

मी आधी मुठीचा वास घेतो.
बूट पॉलिशचा आला, की परत डब्यात.

खरा आबनूस पाण्यात बुडतो.
एकदा नुसती मूठच मिळाली, पातं गेलेली.
चहावाल्याच्या पेल्यात टाकली,
सरळ तळाशी.
"देखा?" खुझेमाभाई म्हणाला,
जणू त्यानंच तिला बुडायला शिकवलं होतं.

गिरगावात, कपाटाच्या खालच्या खणात
एकोणतीस झाले.
शालन विचारते, एवढ्यांनी कापतोस तरी काय?
काही नाही.
खोबरेल लावतो, उघडतो, मिटतो.
टक्.

परवाच्या चाकूला मुठीवर खळगी आहे,
कुणाच्या तरी अंगठ्यानं
वर्षानुवर्षं दाबून केलेली.
सुपारी असेल, सुतळी असेल, पेरू.
माझा अंगठा तिच्यात मावत नाही.

शालननं सहज हातात घेतला.
बरोब्बर बसला.
न विचारता तिनं मोसंबं सोललं,
साल एकसंध, गोल गोल, ताटलीत.
मग पातं पदराला पुसून
चमच्यांच्या खणात टाकलं.

कपाटात आता अठ्ठावीस.