अठ्ठावीस दिवस

आमच्या फाट्यावर महिना अठ्ठावीस दिवसांचा असतो
आणि वर्षाला महिने तेरा.
तेराव्याचा पैसा कुठून आणायचा
ते पोट्ट्यांचं पोट्ट्यांनी पाहावं.

टपरी माझी, पाटीवर नाव बाबांचं.
झेरॉक्स, लॅमिनेशन, सातबारा, रिचार्ज.

नंबर सांगताना पोरगा कुठे पाहतो
यावरून कळतं नंबर कोणाचा.
स्वतःचा असला की फोनात बघून सांगतो.
आईचा असला की दोनदा चुकतो.
तिचा असला तर दहाही आकडे एका दमात,
समोरच्या हातपंपाकडे पाहत,
आणि वर, मी विचारलेलं नसताना,
"मामाचा हाय."

या रस्त्याला एवढे मामा आहेत
की उद्या एकेका लग्नात
अंतरपाटामागे दाटी व्हायची.

निकेश कोडापे पहाटे भरतीसाठी धावतो,
सोळाशे मीटर, पाच मिनिटं चाळीस.
दामिनी आठशे धावते.
तिचा भाऊ मागून मोटारसायकलवर,
हेडलाइट तिच्या पाठीवर धरून.
निकेश तिला ओलांडतो,
पण ओलांडायच्या आधी दहाएक पावलं
त्याच्या पायांना काहीतरी होतं.
त्यांचे सर म्हणतात, टायमिंग कुठंतरी मार खाते याचं.
कुठं, ते मला माहीत आहे.
मी तेव्हा कूलरसाठी पाणी हापसत असते.

मे महिन्यात आला. तेंदूपत्त्याच्या मजुरीतल्या
दहा-दहाच्या नोटा, घामानं मऊ झालेल्या.
"दोनशे एकोणचाळीसचा मारा, ताई."
कोणाचा?
"मावशीचा."
निदान मामा म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी दामिनी.
स्कार्फातून डोळे तेवढे बाहेर.
"माह्या नंबरवर कोनं टाकलं, पाहून सांग ना."
सर्व्हर डाऊन आहे, मी म्हटलं.
"रिचार्ज मारते अन् रातच्याले नुसतं हाय टाकते.
अठ्ठावीस दिवसांत सात वेळा हाय.
मोजले म्या."
मग माहीत आहे तर विचारतेस कशाला?
"तुह्या तोंडून आयकाचं होतं."

मी झेरॉक्सच्या मशीनचं झाकण
उगाच उघडलं, उगाच लावलं.
तिनं एका कोऱ्या कागदाची झेरॉक्स मागितली.
दोन रुपये दिले आणि गेली.

मला सव्वीस पूर्ण झाली.
दोन स्थळं येऊन गेली.
एकानं इन्स्टा मागितलं,
दुसऱ्यानं टपरीचं वीजबिल.

दर मंगळवारी वणीहून डिस्ट्रिब्युटरचा माणूस
बॅलन्स पाठवतो. पाच हजार.
पाठवला की मेसेज येतोच,
आकड्यासकट, वेळेसकट.
तरी तो फोन करतो.
"पोहोचलं का?"
पोहोचलं.
"बरं."
मागे त्याच्या ऑफिसातल्या पंख्याची खडखड.
कधी विचारतो, "तिकडं किती?"
सेहेचाळीस.
"इकडं बी."
एवढंच. दोन वर्षं झाली.
त्याच्या डीपीवर कंपनीचं चिन्ह आहे.
पंख्याला तेल घाला, असं एकदा म्हणणार होते.

या मंगळवारी मेसेज आला
आणि फोन आला नाही.
समोर एक बारका पोट्टा, मिसरूडही न फुटलेला,
मामाचा नंबर पाठ करून उभा.
थांब, म्हटलं, नेट नाही.
साडेअकरा झाले.
पावणेबारा.
कूलरचं पाणी संपून नुसती गरम हवा यायला लागली.

मग मीच लावला.
"पोहोचलं,"
त्यानं काही विचारायच्या आधी मी म्हटलं.

तिकडे पंख्याची खडखड.
बराच वेळ तेवढीच.
मग, "बरं झालं सांगतलं,"
आणि फोन दोघांपैकी कोणीच ठेवेना.

पोट्टा खांबाला टेकून माझ्याकडे बघत होता.
मी हातपंपाकडे बघत होते.

"ताई," तो म्हणाला,
"मामा का?"