गुंडी

तक्रार क्रमांक चारशे दहा. मागच्या आषाढातली.
बाईचा आवाज, मागे मागाची खटखट,
आणि यंत्रानं ऐकून टंकलेलं वाक्य:
'बटण तुंबलं.'
वर्ग: इतर. उपवर्ग: कपडे.

मी महापालिकेच्या तिसऱ्या मजल्यावर
शहराचा ताप बघायला बसते.
वडगावचे पत्रे लाल, खासबाग लाल,
कॅम्पातली झाडं तेवढी हिरवी,
बळ्ळारी नाल्याकडची भाताची शेतं
दरसाल एकेक चौकोन राखाडी.
चौकोन म्हणजे दहा मीटर बाय दहा.
त्यात एक घर, दोन माग, तुळस, स्कूटर, झोपलेला म्हातारा,
सगळं मिळून एक रंग.

लोक म्हणतात, आभाळातून सीमा दिसत नाही.
मला रोज दिसते.
राकसकोपच्या वर, तुडयेच्या अंगाला
पावसाचे आकडे एकदम थांबतात.
तिकडचं मापक तिकडच्या यादीत,
तिकडची यादी तिकडच्या साहेबाच्या कपाटात.
नकाशावर तेवढं पांढरं.
ढग नेमका तिथनंच येतो.

यंदा यंत्राला शिकवलं: पाणी कुठं थांबेल ते सांग.
चढ, उतार, गटारं, सात वर्षांची छायाचित्रं
सगळं खाऊन ते म्हणालं,
कोष्टी गल्ली: शक्यता एकोणीस टक्के.
चाळिसाच्या खालचं आम्ही छापत नाही.

मग सहज ते रेकॉर्डिंग लावलं.
'गुंडी तुंबैत्री,' बाई म्हणत होती.
मी एकटीच हसले, मग हसू थांबलं.
आमच्या घरी आईची गुंडी सदऱ्याला असायची,
बाबांची रस्त्यात.
दोन्हींत बोट अडकायचं, एवढंच साम्य.
यंत्रानं मराठी समजून
खड्ड्याचं शुद्ध बटण करून टाकलं होतं.

इराप्पाला घेऊन गेले. एप्रिलची दुपार.
नीलव्वानं मशीनमागाच्या मागची फळी उचलली.
खाली जुना खड्डामाग, आता कुणी विणत नाही,
फक्त सासऱ्यांच्या पायांची जागा.
'पाणी आदी हितं येतंय बगा. गल्लीत दोन दिसांनी.
मी फोन करतोय की दरसाल.
सासरे होते तवा त्येंच्या पायालाच कळायचं.'

मी चप्पल काढून खड्ड्यात पाय सोडले.
माझ्या नकाशावरचा सगळ्यात लाल चौकोन तो,
आणि त्याच्या पोटात गुडघ्यापर्यंत गारवा,
पत्र्याखालचा, कुठल्याच डोळ्याला न दिसलेला.
नीलव्वानं चहा तिथंच हातात दिला.
वर आले तेव्हा टाचा ओल्या होत्या.

फॉर्ममध्ये अक्षांश आहे, रेखांश आहे,
छपराचा प्रकार आहे, गटाराची रुंदी आहे.
खड्ड्याचा रकाना नाही.
इराप्पानं 'शेरा'मध्ये लिहिलं.
शेरा यंत्र वाचत नाही,
त्या बाबतीत ते साहेबांवरच गेलंय.

रात्री उशिरापर्यंत बसून त्याला एक शब्द शिकवला.
मागे मागाची खटखट असेल
तर गुंडी म्हणजे खड्डा, म्हटलं.
त्यानं विचारलं, खात्री किती टक्के?
मी माझ्या टाचांकडे बघितलं
आणि शंभर टाकलं. नियमात बसत नाही.

सात वर्षांच्या तक्रारींतून
एकशे सात बटणं निघाली.
बहुतेकांची तारीख
पाणी रस्त्यावर यायच्या दोन दिवस आधीची.
नकाशावर मांडली तर
नाल्याच्या काठानं एकाखाली एक,
शहराच्या सदऱ्याला कुणी टाचून ठेवल्यासारखी.

मध्ये एक जागा रिकामी आहे,
येळ्ळूर रस्त्याच्या वळणावर.
तिथल्या कुणी फोन केला नसेल.
किंवा फोन करणारं घरच आता तिथं नसेल.
उद्या इराप्पाला सुट्टी आहे.
मीच जाऊन बघते.