काजळी

आचाओच्या धक्क्यामागं, पत्र्याच्या शेडमध्ये
एदुविना पान्याला हलकाच हिसका देते.
प्लग बाहेर येतो, अजून कोमट.
चष्मा कपाळावर सारून
ती टोक नाकाशी नेते, हुंगते.

पांढरंफटक असतं तर म्हणाली असती,
कुठूनतरी हवा ओढतोय, पिस्टन जाईल.
ओलं चिकट असतं, तर तेल जास्त झालंय.
भाजल्या खोबऱ्याचा रंग असता
तर कॉफी पाजून परत धाडलं असतं.

हे मात्र काळं. कोरडं, मखमली,
बोटावर काजळासारखं उतरणारं.

"इंजिन ठणठणीत आहे, रोसेन्दो.
तुम्ही ते धक्क्याला बांधूनच चालू ठेवता.
रोज. किती वेळ?"

रोसेन्दो बाहेर बघतो.
पिवळी होडी, तिचं पुढचं फळकूट रिकामं,
गेल्या मार्चपर्यंत तिथं भाऊ बसायचा.

ती पुढं विचारत नाही.
पितळी ब्रशनं टोक घासते,
फटीत पातळ पट्टी सरकवून बघते,
दोन आटे हातानं, मग पाना.

"पैसे राहू देत.
समोरच्या बेटापर्यंत जाऊन या एकदा,
थ्रॉटल पूर्ण उघडून.
मग दाखवा मला हा प्लग."