निळं लेबल, हिरवं लेबल

उमेओच्या इस्पितळात, तळमजल्यावर
माझं काम एवढंच :
कानांवर हेडफोन, पायाखाली पेडल,
कॅसेटमधली माणसं कागदावर उतरवायची.
निळं लेबल, ते बोलणारे.
हिरवं, ते अंग सैल सोडायला शिकणारे.
कोण कुठल्या रंगात, हे चिठ्ठ्यांनी ठरलेलं.
घाबरायला मात्र सगळे सारखेच आले होते.

निळ्यात सोल्वेग विचारते,
"मग काय होईल असं वाटलं?"
क्रमांक चौदा, बस चालवतो :
"हृदय बंद पडेल. पुलावर. मागे चाळीस माणसं."
"असं किती वेळा वाटलंय?"
खुर्ची करकरते. तो मोजत असावा.
"दोनशे. जास्तच."
"आणि बंद किती वेळा पडलं?"
इथे मी कंसात लिहिते : शांतता, अकरा सेकंद.
पुढच्या आठवड्यात ती त्याला जिन्यावरून पळवते,
फिरत्या खुर्चीत गरगरवते,
बारीक नळीतून श्वास घ्यायला लावते,
म्हणजे धडधड टपालवाल्यासारखी वाटावी :
आली, दार वाजवलं, गेली.

हिरव्यात ईवार फार बोलत नाही.
"मूठ आवळा."
"सोडा."
"खांदे कानांपर्यंत."
"सोडा."
आधी सतरा मिनिटं, मग सात, मग दोन,
शेवटी अर्ध्या मिनिटात, दुकानाच्या रांगेत, उभ्या उभ्या.
घड्याळाच्या काचेवर एक हिरवी टिकली :
दिसली की श्वास सोडायचा.
क्रमांक बावीस, दातांच्या कवळ्या बनवणारी बाई, म्हणाली,
"आयुष्यभर जीव मुठीत धरून चालले मी,
आणि तुम्ही म्हणता मूठ सोडा.
जीव निसटला तर?"
ईवार हसला नाही.
"बघू," म्हणाला. "आधी डावी."

मला कुणी विचारलं नव्हतं, पण
डिसेंबरात, गोठवलेल्या मटारांच्या कपाटापाशी
माझ्या हातून टोपली पडली होती.
बोटांना मुंग्या, जिभेचं लाकूड,
छतावरचे दिवे लांब लांब निघालेले.
कुणीतरी पाणी आणलं.
मी म्हटलं, सकाळपासून उपाशी आहे.
इस्पितळातल्या माणसांना या अभ्यासात घेत नाहीत.
नियम आहे, आणि बरोबरच आहे.

म्हणून मी चोरून शिकले.
सोल्वेगचे प्रश्न टाइप करता करता
स्वतःकडे वळवून घेतले,
उत्तरं टाइप केली नाहीत.
आणि ईवारचं तर माझ्या उजव्या पायाला
आधीच ठाऊक होतं :
दाबलं की आवाज, सोडलं की शांतता.
घड्याळ नव्हतं माझ्याकडे,
अंगठ्याच्या नखावर हिरवी शाई लावली.
मार्चमध्ये पुन्हा त्याच कपाटापाशी उभी राहिले.
ती आली. मी तिला विचारलं, मग काय होईल?
तिला सांगता येईना.
मटार मात्र घेतले नाहीत, मला आवडतच नाहीत.

वसंतात तक्ते आले.
दोन्ही रंगांची माणसं बरीच सावरलेली,
आणि मधला फरक इतका बारीक
की हॉल्मग्रेन डॉक्टर चष्मा काढून पुसत बसले.
वर्षाने पुन्हा मोजू, म्हणाले.
खाली एक रकाना होता, गळती.
त्यात क्रमांक नऊ.
त्याच्या शेवटच्या कॅसेटवर
फक्त कोटाची चेन वर ओढल्याचा आवाज आहे.
तो कसा लिहायचा मला कळलं नव्हतं,
मी लिहिलाच नाही.

काल घरी जाताना बसमध्ये चालक म्हणाला,
"पुढचा थांबा, पुलापलीकडे,"
आणि मी तो आवाज ओळखला.
ओळख दाखवायची नाही, तशी सही केलेली आहे.
नदीवरचा बर्फ फुटायला लागला होता.
पुलावर त्याने वेग कमी केला नाही.
मी नख बघितलं, श्वास सोडला,
त्याच्या मानेकडे पाहत राहिले.
चाळीस नव्हतो आम्ही.
मोजले. सतरा.