वहीची मागची पानं

पुढून उघडली तर छाती, कंबर, मुंढा, बाही.
मागून उघडली तर घरं.
दिवाळीची शिलाई थकलेली असताना
मी वही उलटी केली
आणि पहिल्या ओळीत लिहिलं:
कलमेश्वर गल्ली, वरली बाजू, सतरा चुली.

पंचायतीला आमच्या वॉर्डातून समितीचा एकच माणूस उभा राहतो.
तो कोण, ते गाव ठरवतं. देवळात, हात वर करून.
तीन खेपा झाल्या, गाव मोनाप्पा चौगुलेच ठरवतंय.
"आपल्यात फूट नको," एवढंच त्यांचं भाषण.
माझ्या गळ्यात दिवसभर टेप असते.
फूट किती इंचांची, ते मला विचारा.

भागीरथी तरळे काजूच्या कारखान्यात जाते.
चिकानं तिच्या बोटांची टोकं काळी पडलीत.
मताची शाई लावली तरी दिसायची नाही,
असं तीच सांगते आणि हसते.
नळाला चौथ्या दिवशी पाणी, तेही पहाटे तीनला,
म्हणून ती उभी राहिली.
नावावरून चेष्टा व्हायची ती झालीच.

यादी कानडीत.
माझी जाऊ कस्तुरी गोकाककडची,
ती वाचते, मी मराठीत उतरवते.
शटुप्पाचा सटप्पा झालाय.
आमचे मामंजी जाऊन सहा वर्षं झाली,
यादीत अजून एकसष्टचे आहेत.
चहाच्या गाड्यावर मोनाप्पा म्हणाले,
"कानडी बाईकडनं नावं वाचून घेतात,
आणि ह्या सीमा सांभाळणार."
कस्तुरीच्या कानावर आलं ते.
तिनं पान उलटलं.
"एकशे बारा," म्हणाली, "ही कोण गे?"

कारखान्याचा टेम्पो आला की आम्ही निघायचो.
कुणी चहा टाकला. कुणी कुत्रं आवरलं नाही.
कुणी "बघू की" म्हणालं,
आणि आमच्याकडं "बघू की" म्हणजे नाही.
लुमाण्णाच्या आईनं उंबऱ्यावर बसवून घेतलं:
"माझ्या पोराला रात्री दोनला
मोनाप्पानंच गाडीत घालून बेळगावला नेलं.
तवा तुम्ही कुठं होता?"
मी तिच्या घरापुढं शून्य घातलं.
सबंध वहीत तेवढं एकच शून्य मला पटलं.

रविवारी देवळात जागा पुरली नाही.
बायका घंटेच्या अलीकडं, पुरुष पलीकडं.
भागीरथीच्या नावाला हात वर जाऊ लागले,
आधी कोपरापर्यंत, शेजारणीकडं बघून,
मग सबंध,
आणि मला दिसल्या त्या बाह्याच.
हिरवी. ठिपक्यांची. जोड दिलेली.
ती एक, जत्रेत उसवून आलेली, मीच परत घातलेली.
नव्वद.
मोनाप्पांना एकोणनव्वद.
आरडाओरडा झाला. परत मोजलं.
कुणीतरी दिवा विझला म्हणून ओरडलं. परत मोजलं.
एकोणनव्वदच.
सुलोचनाकाकू, त्यांची बायको, खांबाला टेकून बसल्या होत्या.
कुठल्याच मोजणीत
त्यांचा हात पदराबाहेर आला नाही.

खरी निवडणूक अजून तीन आठवड्यांवर आहे.
सोमवारी काकू दुकानात आल्या,
महिनाभर पडून राहिलेला जांभळा ब्लाउज न्यायला.
दोघीही बोललो नाही.
ओवलेल्या सुईत मी पुन्हा दोरा ओवला.
त्यांनी आत जाऊन घालून बघितला.
मी वही पुढून उघडली.
"हात वर करा," म्हटलं.
त्यांनी केला.
आरशात बघत म्हणाल्या,
"मुंढ्यात अर्धा इंच सोड गे.
वर केला की ओढूलालंय."